कापराच्या वासाची देवी

रावजी खोताच्या अंगणात त्या सकाळी मुंगीला शिरायला वाट नव्हती. बाया पोरं कडेवर घेऊन, बाप्ये हातातल्या कोयत्यांसकट, सगळे आ वासून एका वीतभर मूर्तीकडे बघत होते. मूर्तीचा उजवा हात आशीर्वादाला उचललेला. शेजारी व्याघ्रचर्मावर शंखनाथ महाराज बसले होते. चर्म कसलं, पट्टे रंगवलेलं तरटच ते!

"अलख! हिमालयातल्या ऐरावताच्या दातातून आई आपोआप प्रगटली!" महाराज गरजले. "निर्दोष माणसाचं पाणी अंगावर पडलं, तर आईचा हात वर. पाप्याचं पडलं, तर हात खाली!"

ऐरावत हिमालयात कधी चरायला गेला होता, हे विचारण्याची एकाचीही छाती झाली नाही.

मी गावात आलो होतो माणसं शोधायला. साल एकोणीसशे चौतीस. मुंबईत सेल्युलॉइडचं काम शिकून मी नागावला कंगव्यांचा कारखाना काढत होतो. जर्मन बनावटीचं दाबयंत्र येऊन पडलं होतं, ते चालवायला शिकतील असे चार हात हवे होते. पण गावातला धडधाकट गडी भागोजी मला तोंडावर म्हणाला, "येंत्र शिकून काय करायचं? आमाला म्हाराज हायत की!" अशा माणसांपुढे डोकं आपटण्यापेक्षा दगडावर आपटावं, निदान ठिणगी तरी पडते.

गेल्या उधाणात खाडीचा बांध फुटून खारं पाणी भातात शिरलं होतं. हा बांध दरसाल गावाने मिळून लिंपायचा आणि त्यासाठी माणसं खोताने गोळा करायची. यंदा खोत घरात लोळत राहिला आणि खेकड्यांनी बांधाची चाळण केली. हे चारचौघांत बोलली एकटी जनी, तरुण विधवा. झालं! थोड्याच दिवसांत महाराज खोताच्या पडवीत उतरले आणि बांध जनीच्या करणीने फुटला, असं ठरलं. आज देवीचा हात खाली आला, की जनीने घर आणि शेताचा तुकडा टाकून गावाबाहेर व्हायचं होतं.

आदल्या दिवशी मी सोनाबाईचा कौल पाहिला होता. तिच्यावर कोंबडी चोरल्याचा आळ होता. महाराजांनी तिचं पाणी 'शुद्धीसाठी' धुनीवर तापवलं, धुपाचा असा डोंब उसळवला की वाफ कुठली आणि धूर कुठला ते कळेना, आणि पाणी ओतताच हात खाली आला. कापराचा घमघमाट सुटला. कापूर तर कोणीच लावला नव्हता! बाया म्हणाल्या, आईचा सुवास. मला मात्र माझा कारखाना आठवला. संध्याकाळीच मी जनीला गाठून सांगितलं, "काही झालं तरी पाणी तापवू देऊ नकोस."

आज आधी, जनीचा आरोप खोटा पाडायला, खोताचं पाणी तसंच गार ओतलं गेलं. हात वरच राहिला. "आई परसन्न!" लोक ओरडले. मग महाराज जनीची कळशी धुनीवर ठेवायला निघाले.

"थांबा," जनी म्हणाली. तिने कळशी दोन्ही हातांनी धरून ठेवली. "माजं पानी हाय तसंच ओता."

"विधवेचं पाणी! अग्नीवाचून शुद्ध होणार नाही!"

"ज्येचा कौल त्येचं पानी, जसं आनलं तसं. रीत गावाची हाय, म्हाराजांची न्हाय."

म्हातारी आवडाबाई काठी आपटत पुढे आली. "व्हय, गावदेवीच्या कौलाची रीत तशीच हाय. ओता!"

अक्कल गहाण पडली तरी रीत सुटत नाही, हा या लोकांचा एकच गुण त्या दिवशी कामाला आला. जनीचं गार पाणी ओतलं. हात वरच राहिला. जनी रडू लागली.

महाराजांनी मूर्ती उचलण्याआधी मीच ती उचलून धुनीशी नेली. खोताच्या तांब्यातलं उरलेलं पाणी उकळलं आणि ओतलं. हात सावकाश खाली आला. कापराचा वास सुटला.

"खोत पापी!" मघाशी जयजयकार करणारी तीच तोंडं ओरडली.

"गप्प बसा!" मी खेकसलो. "खोताने काय केलं ते बांधावर जाऊन बघा. या बाहुलीला काय कळतंय?" मी खिशातला कंगवा तांब्यात उरलेल्या उकळत्या पाण्यात धरला आणि सगळ्यांदेखत वाकवला. तोच वास आला. "हा हस्तिदंत नाही, या कंगव्यासारखंच सेल्युलॉइड आहे, कारखान्यात बनवलेला नकली हस्तिदंत. बनवतानाच त्यात कापूर घालतात. उकळत्या पाण्याने हे मऊ पडतं, हवं तसं वाकवून गार केलं की तसंच राहतं, पुन्हा तापलं की मूळच्या आकाराकडे वळतं. मूर्तीचा हात मुळात खालीच होता. हे महाराज मूर्ती रोज आत नेऊन हात गरम पाण्यात वर वळवतात, आणि तुम्ही तिच्या पाया पडता! पुढे कोणी कौल लावला, तर हात कुठे जातो ते बघू नका. पाणी कोण तापवतो ते बघा."

सगळ्यांनी महाराजांकडे वळून पाहिलं. तिथे नुसतं तरट उरलं होतं. खोत मान फिरवून पडवीचा खांब न्याहाळत होता.

"जने, चुकलं आमचं. घरी चल," भागोजी पुटपुटला.

जनीने डोळे पुसले आणि खोताच्याच पडवीतलं फावडं उचललं. "घरी जाऊन काय करू? फुडचं उधान दारात हाय. बांधावर कोन येतंय ते बोला."