कूलरमागचा वायफाय

मी वायफायचा डबा बोलतोय. दुकानात मला राउटर म्हणतात, पण घाटंजीत नासिरभाईंच्या घरी सगळे 'डबा'च म्हणतात. म्हणोत बापडे. काम मी चोख करतो, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण मागच्या मे महिन्यात माझ्यावर नको नको ते आरोप झाले.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. त्याचं फारसं काही आठवत नाही. खरं आयुष्य सुरू झालं ते आरिफानं मला खोक्यातून काढून खोलीतल्या भिंतीवर टांगलं तेव्हा. आरिफा ही नासिरभाईंची मुलगी, कॉम्प्युटर शिकलेली. तिच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं स्वतः लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली आणि तो म्हातारा पुन्हा तुरुतुरु चालायला लागला. आमची गट्टी पहिल्या दिवसापासून जमली.

नासिरभाई कूलर बनवतात. ओसरीत दिवसभर पत्रा ठोकणं चालू असतं. मे लागला तसा त्यांनी घरचा मोठा कूलर ओसरीतून खोलीच्या खिडकीला लावला. मग सहज मला हात लावला, तर मी गरम. त्यांना माझी दया आली. त्यांनी मला खोलीतून उचलून कूलरच्या मागे, ओसरीतल्या कोनाड्यात ठेवलं. हेतू चांगला होता, पण तिथून माझं नशीब फिरलं.

घरात सगळंच अडखळायला लागलं. त्यातच आरिफाची मुलाखत आली. पुण्याच्या एका कंपनीत, घरी बसून करायची नोकरी. बोलता बोलता तिचा चेहरा पडद्यावर गोठला आणि कॉल तुटला. समोरच्या बाईंनी पुढच्या आठवड्यात पुन्हा वेळ दिली, पण ही शेवटची, असं बजावूनच.

"फेकून दे तो डबा," तिची अम्मी सईदाबी म्हणाली. "दुसरा आनू."

मला ते फार लागलं. आरिफाही चिडली होती, पण ती डोकं शाबूत ठेवून चिडते. तिनं आधी मला लॅपटॉपशी वायरनं जोडलं. वेग पूर्ण! म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठणठणीत होती. मग तिनं लिनक्समध्ये शोधलं, तर वीज वाचवायच्या नादात लॅपटॉपचं वायफाय अधूनमधून डुलकी घेत होतं. तिनं ती सवय मोडली. थोडा फरक पडला. शेजाऱ्यांचे वायफाय ज्या चॅनलवर गर्दी करून होते, तिथूनही तिनं मला हलवलं. तरी खोलीत रडगाणं तेच.

शेवटी सिग्नलचा आकडा पडद्यावर ठेवून ती लॅपटॉप हातात घेऊन घरभर फिरली. ओसरीत आकडा झकास. खोलीत पाऊल टाकलं की धाडकन खाली. अब्बांनी मला हलवलंय हे तिला माहीत होतं, पण एवढ्याशानं काय बिघडतं, असं तिला वाटलं होतं. आता ती कूलरकडे बघतच राहिली.

"अब्बा, याले इथं काहून ठेवलं?"

"भट्टीसारखा तापते ना तो. म्हटलं घरचा कूलर हाय, थोडी हवा याले बी भेटू दे."

"मंधात तुमचा पत्रा हाय, पानी हाय, वाळ्याच्या ओल्या ताट्या हायेत. याचा सिग्नल घरात येईन कसा?"

नासिरभाईंनी कूलरवर टिचकी मारली. "पत्रा तं जाड हायेच! बाजारातल्यासारखा पापडावानी नाही लावत मी."

मी परत भिंतीवर आलो.

मुलाखतीच्या दुपारी आवाज नको म्हणून कूलर बंद केला आणि ओसरीतली ठोकठाकही थांबली. खोली नुसती उकळत होती. नासिरभाईंना वेगळाच घोर. डबा तापला तर पोरीचा कॉल पुन्हा तुटेल! मोटरच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ते पडद्यावर दिसणार नाहीत असे भिंतीला चिकटून उभे राहिले आणि मला वारा घालू लागले. एक हात दुखला की दुसरा. शर्ट अंगाला चिकटला, पण हात थांबला नाही. आरिफा बोलत होती, पुण्याच्या बाई ऐकत होत्या, आणि एकही शब्द मी वाटेत सांडू दिला नाही.

लॅपटॉप मिटून आरिफा वळली. "अब्बा, हे काय करून राह्यले?"

"हवा घालून राह्यलो. तुटला तं नाही ना?"

"नाही तुटला."

तिनं त्यांच्या हातातून पुठ्ठा घेतला, त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्यांनाच वारा घालत उभी राहिली. मला फार भरून आलं.

नोकरी लागली. आता ती माझ्याच भरवशावर दिवसभर काम करते. नासिरभाई येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, "पोरीचा इंटरव्ह्यू? म्या हवा घातली म्हून झाला." आरिफा आतून ऐकते आणि गप्प बसते.

खरं तर मला त्या वाऱ्याची गरज नव्हती. तेवढी गरमी मी सहज सोसतो. हे आरिफाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही कळलं. कधी नासिरभाईंकडे कूलर घ्यायला आलात, तर माझी एवढीच विनंती आहे: त्यांना सांगू नका.