डाव्या पंखावरची कोंबडी

मी एक जुना ग्लायडर आहे, मित्रांनो, आणि सध्या माझ्यावर कोंबड्या बसतात. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. सेलूजवळच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या गिरणीत, पत्र्याखाली मी पडून आहे. राखणदारीण कडूबाईंच्या या कोंबड्या माझ्या पंखांवर चढतात, घाण करतात आणि वर माझ्याकडेच रागानं बघतात. मी काही बोलत नाही. सवय आहे. जे मला दिसतं ते चालवणाऱ्याला दिसत नाही आणि सांगायला मला तोंड नाही, यातच माझा जन्म गेला.

हलकं लाकूड, त्यावर ताणलेलं कापड आणि कापडावर रोगणाचे हात, असा मी घडलो. कागदावर माझं नाव चांगलं लांबलचक होतं. पण देवगाव फाट्याजवळच्या माळावर, माणिकरावांच्या हवाई क्लबात मी आलो, तेव्हा लोकांनी मला एकदा निरखलं आणि 'रेडा' म्हणायला सुरुवात केली. माझ्यासोबत दुसरा, नाजूक बांध्याचा ग्लायडर आला होता. त्याला मात्र 'साळुंकी'. असो.

जुन्या ट्रकच्या इंजिनावरची चरखी लांब तार ओढायची. तारेमागं मी धावायचो आणि पतंगासारखा वर चढायचो. तार सुटली की पुढचं सगळं उन्हाच्या हाती. नांगरलेलं काळं रान तापलं की गरम हवेचा खांब वर उठतो. क्लबात त्याला 'उफाळा' म्हणत. त्या खांबात गोल फिरत राहिलं की उंची मिळते. एकदा मी इतका उंच गेलो की सेलूच्या बाजारातला कापूस मला ढग वाटला आणि ढग कापूस. एक ढग तर मी पंखाला गुंडाळून खाली आणला होता. कडूबाईंनी त्याच्या वाती वळल्या. खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना. नाही म्हणतील, पण लाजून.

अडचण एवढीच की उफाळा एक आणि उडणारे दोन. आमचे शिकवणारे रंगनाथ सर घसा कोरडा करून सांगायचे, "उफाळ्यात जो आधी शिरला तो ज्या अंगानं फिरायलाय, त्याच अंगानं मागच्यानं फिरायचं. आन् मान वळवल्याबिगर पंख वळवायचा न्हाई!"

गिधाडांना हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. एक म्हातारं गिधाड माझ्या पंखाला पंख लावून म्हणालं होतं, "आमच्यात पहिला जिकडं वळला तिकडं सारे. आमी मेलेलं खायला फिरतोत बाबा, मरायला न्हाई."

गिधाडाला कळलं ते सूर्यभानला कळेना. घरची ओलिताची शेती, हात चांगला, छाती त्याहून चांगली. पण हा गडी फक्त उजवीकडं फिरायचा. सरांनी विचारलं तर म्हणाला, "सर, देव उजव्या हाताला ठिवून फिरतेत. डाव्या अंगानं फिरणं म्हंजी उलटी प्रदक्षिणा. मला न्हाई जमायचं."

"अरे, वर कुठला देव?"

"वरच तर ऱ्हातोय की सर!"

सगळे हसले. सरही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्या दिवशी त्याचा कान धरला असता तर?

क्लबात शिकणारी दैवशाला ही पालमची. नामांतराच्या आंदोलनात एसट्या बंद पडल्या की ती सेलूत मावशीकडं राहायची, पण उडणं चुकवायची नाही. वैशाखातल्या एका दिवशी तिची परीक्षा होती. साळुंकी घेऊन पाच तास वर टिकायचं. टिकली तर बिल्ला, आणि बिल्ला मिळाला तर मोठ्या शहरातल्या केंद्रात शिकवायची नोकरी. चार तास सरले होते. सेलूच्या जिनिंगच्या पत्र्यांवर तिला झकास उफाळा सापडला होता आणि ती डावीकडं वळण घेत निवांत फिरत होती.

तेवढ्यात सूर्यभान मला घेऊन त्याच उफाळ्यात, जवळजवळ त्याच उंचीवर शिरला. आणि वळला उजवीकडं!

एकाच घेऱ्यात ती समोरून, आम्ही समोरून. पहिल्या फेरीत तिच्या पोटाखालून गेलो. मी थरथरलो, कुरकुरलो, वाऱ्याची शिट्टी वाजवली. सूर्यभान खाली सेलूतल्या देवळाच्या कळसाकडं बघत पुटपुटला, "ही बाई उलटी का फिरायलीय?"

अरे, मान वळव! नुसती मान! माझ्या अंगातली फळी न् फळी ओरडत होती.

दुसऱ्या फेरीत ती नाकासमोर आली. तिनं पाहिलं की हा बघतच नाही. क्षणात तिनं साळुंकी उजवीकडं कलती केली आणि उफाळ्याबाहेर झोकून दिली. माझ्या डाव्या पंखाचं टोक तिच्या पंखाचं कापड ओरबाडत गेलं. फाटक्या पंखानं ती खाली खाली जात एका नांगरटीत उतरली. चाक मोडलं. माणूस वाचलं. दोन्ही माणसं वाचली. परीक्षा गेली.

संध्याकाळी ती माळावर चालत आली, फाटलेलं कापड मुठीत घेऊन.

"सूर्यभानदादा, कुठं बघत होतात?"

"मी आपली प्रदक्षिणा घालत होतो. उलटी तू होतीस."

"देऊळ एका जागी ऱ्हातंय दादा. मी काय देऊळ हाय?" तिनं मुठीतलं कापड त्याच्यापुढं धरलं. "खरं सांगा. देवाचं सोंग कशाला? पोरीच्या मागं फिरायची लाज वाटली, आसंच ना?"

सूर्यभाननं चपलेनं माती उकरली. रंगनाथ सर म्हणाले, "दैवशाला, उद्या पुन्हा बसू परीक्षेला."

तो उद्या आला नाही, मित्रांनो. दोन्ही ग्लायडर जखमी, कापड मिळेना, मग पावसाळा, मग क्लबाला कुलूप. मला या पत्र्याखाली आणून टाकलं; साळुंकीचं काय झालं कोण जाणे. दैवशाला आता पालमच्या शाळेत पोरांना भूगोल शिकवते. बिल्ला नाही. चूक तिची नव्हती, आणि किंमत भरली तिनं.

सूर्यभान परवा आला होता. केस पांढरे झालेत. कडूबाईंना म्हणाला, "जरा बसू द्या मावशी." माझ्या आत बसला. मग वळवायची दांडी हातात घेतली आणि हळूच डावीकडं कलवली. डावीकडं! इतक्या वर्षांनी! माझा ऊर भरून आला.

पण मान वळवली नाही. डाव्या पंखाच्या मागच्या हलत्या फळीवर कोंबडी बसली होती. दांडीपासून फळीपर्यंतच्या माझ्या तारा अजून शाबूत आहेत. फळी उचलली, कोंबडी उडाली आणि थेट त्याच्या डोक्यावर.

"आगं आई!"

"आधी बघावं की बाबा!" कडूबाई ओरडल्या.

मित्रांनो, तुम्ही आकाशात उडा, नाहीतर देवगाव फाट्यावर सायकल वळवा. आधी आलेल्याचा फेरा मोडू नका, आणि वळण्याआधी मान वळवा. मला बोलता येत नाही. दर वेळी कोंबडी कुठून आणू?