मला रावेर दिसत नाही

मी एक उपग्रह बोलतोय. टीव्हीवर ढगांचे फोटो येतात, ते काढणारा मी नव्हे. तो माझा भाऊबंद, आणि सगळी वाहवा त्याचीच होते. माझं काम समुद्र मोजायचं. वरून लहरी सोडायच्या, पाण्यावर आपटून परत यायला त्यांना किती वेळ लागला ते टिपायचं, त्यावरून पाण्याची उंची काढायची. कोमट पाणी फुगतं, गार पाणी बसतं. समुद्रावर अशा वीतभर उंचीच्या टेकड्या असतात आणि त्यांच्या कडेकडेनं प्रवाह वाहतात. अकरा वर्षं मी हेच करतोय. कंटाळा आला म्हणायची सोय नाही.

जमीन आली की मी आंधळा. खान्देश तर अर्ध्या मिनिटात मागे पडतो.

तरी रावेरचं नाव मला पाठ आहे, ते मोहिनीमुळे. ही तिथल्या जीवरामआबांची लेक. आबांची केळीची बाग. मोहिनी गुजरातेतल्या एका कचेरीत बसून माझ्या आकड्यांचे नकाशे करते आणि गावात आबा सांगत सुटतात, "आमच्या मोहिनीचा उपग्रह हाये वर. त्याले सारं दिसते." लेकीचं कौतुक करताना माणूस हातचं राखत नाही, हे मी पुष्कळ पाहिलंय.

गेल्या जूनमध्ये आबांचा फोन आला. घड तयार होते, व्यापारी त्याच दिवशी गाडी लावत होता.

"आठ दिवस ठेवले तं घड अजून भरतीन. वादळ-बिदळ तं नही ना, माय?"

मोहिनीनं माझा नकाशा पाहिला. "समुद्र शांत आहे, आबा. ठेवा खुशाल."

शांत होताच, मी खोटं सांगितलं नव्हतं. पण सातपुड्याकडून भर दुपारी उठणारा वारा समुद्रात दिसत नसतो. मोहिनीला हे पक्कं ठाऊक होतं. आबांचा विश्वास मोडायचं तिच्या जिवावर आलं, एवढंच. पाचव्या दिवशी वीस मिनिटं वारा सुटला आणि सगळी बाग घडांसकट आडवी झाली.

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "समुद्र चुकला नही, माय," ते म्हणाले, "आपली बाग समुद्रात नही." त्यानंतर त्यांनी लेकीला हवापाण्याचं कधी विचारलं नाही.

यंदा प्रशांत महासागरात पूर्वेकडचं कोमट पाणी चांगलंच फुगून आलंय. अशा वर्षी आपल्याकडचा पाऊस बहुधा दगा देतो. हे बघायलाच तर मला वर धाडलंय! मोहिनीनं नकाशा तीनदा तपासला, रजा टाकली आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर गाठलं.

आखाजीला तिकडं भरल्या घागरीखाली चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांच्या नावाची. जे भिजेल त्या महिन्यात पाऊस. मोहिनी मोबाईलवर माझा नकाशा उघडून मागं उभी राहिली. आबांनी वाकून ढेकळं चाचपली.

"सरावन चांगला भिजला. यंदा साऱ्या वावरात केळी लावतो."

आबांची विहीर पावसाच्या भरवशाची. श्रावण कोरडा गेला तर कोवळी रोपं उभ्या उभ्या वाळणार. मोहिनीचे ओठ हलले.

"काय म्हनत होती, माय?"

"काही नाही, आबा."

तिनं मोबाईल पर्समध्ये टाकला. मी वरून ओरडलो असतो, पण मला तोंड नाही.

माझं इंधन संपत आलंय. लवकरच मला खाली ओढून जाळतील. माझ्या जागी येणारा माझ्यापेक्षा बारीक मोजेल. त्याला जरूर विचारा. फक्त त्याला काय दिसत नाही, तेही आधी विचारून घ्या. माझ्याबाबतीत ते राहून गेलं.

रावेरला रोपं उतरलीत, लागवड सुरू झाली. मोहिनी रोज नकाशा बघते, मग आबांना फोन लावते. आबा उचलतात. ती विचारते, "जेवलात का?"