लाखातलं उरलेलं एक पान

"आत्या, थांबा! तो बेल वाहू नका," सून अक्षरा ओरडली आणि गौरम्माचा हात पिंडीवर तसाच राहिला.

अहमदपूरच्या त्या लहानशा देवळात आज नवस फिटायचा होता. तीन वर्षांपूर्वी अक्षरा डेंग्यूतून उठली, तेव्हा गौरम्माच्या नवऱ्यानं, सिद्रामप्पांनी, महादेवाला एक लाख पानं वाहायचा नवस बोलला होता. एका बेलाची तीन पानं धरायची आणि रोज मोजून वाहायची. सिद्रामप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. जन्मभर त्यांनी काटा तसूभर हलू दिला नाही. घरी भाजीतल्या मिठावरूनसुद्धा कटकट करायचे. गेल्या पौषात ते गेले. राहिलेली पानं गौरम्मानं वाहिली, कारण त्यांचं माप अर्धवट राहिलेलं तिला बघवेना.

"तेहतीस हजार तीनशे तेहतीस बेल झाले," शाळेत गणित शिकवणारी अक्षरा म्हणाली. "म्हणजे नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव पानं. आता एकच पान पाहिजे, अन् तुमच्या हातात तीन हायत."

"मग दोन तोडून टाक की!"

"तुटका बेल चालत न्हाई," कोपऱ्यात गंध उगाळत बसलेले पुजारी सिद्धलिंग स्वामी म्हणाले.

गौरम्माला घामच फुटला. "तरी मी ह्यांना म्हणत होते, धा लाख बोला म्हणून!"

"त्यानं बी जमलं नसतं, आत्या. एकावर कितीबी शून्यं द्या. कोटी करा, अब्ज करा. तिनानं भागलं की एक उरतोच."

"आसं हाय व्हय!" स्वामींना गंमत वाटली. "वाहा की मग दोन जास्तीची. देव काय माघारी देऊन राहिला?"

"देवाचं न्हाई हो, स्वामी. ह्यांचं माप हाय. दोन जास्त गेली तर वर मला म्हणतील, गौरे, काटा बिघडवलीस."

तिघंही हसले. हसता हसता गौरम्माचे डोळे भरून आले. नवऱ्याची इतकी आठवण तिला महिनाभरात आली नव्हती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि हातातला बेल निरखून पाहिला.

"स्वामी, ह्यातल्या एका पानानं ह्यांचा लाख भरला ना?"

"हाव, भरला."

"मग राहिलेली दोन माझी. मी देवाला कधीच काही बोलले न्हाई. आज दोन पानांचा नवस बोलते अन् आत्ताच फेडते."

"कशाचा?" अक्षरानं विचारलं.

"एक, तू उठलीस म्हणून." गौरम्मा जराशी लाजली. "अन् दुसरं, हे चाळीस वर्षं मला लाभले म्हणून."

तिनं बेल अलगद पालथा वाहिला आणि रिकामी परडी घेऊन उठली.

"उद्यापासून सकाळी काय करू गं?" पायरी उतरताना तिनं अक्षराला विचारलं आणि स्वतःच हसली.