डाव्या पारड्यातल्या तीन अक्षता

तराजू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कांदे-बटाटे येतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. मित्रांनो, मी त्यातला नव्हे. मी रसायनशाळेतला जुना तराजू आहे. काचेच्या पेटीत राहतो. कुणी जवळ श्वास सोडला तरी माझा काटा हलतो, आणि तुमच्या डोक्यावरचा एक केसही मी तोलून दाखवतो. हे सांगितलं की मुलं नाक मुरडतात, "केसाचं वजन कशाला करायचं?" कशाला ते ऐका.

माझा जन्म अंबाल्याचा. १९६२ साली लाकडी खोक्यात, भुशात बसून मी कासारवाडी स्टेशनावर उतरलो आणि बैलगाडीने पिंपरीच्या एका औषध कंपनीत आलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अजून ज्वारी उभी होती आणि तिच्यातूनच कारखान्यांच्या भिंती वर येत होत्या. प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णासाहेब यांनी मला स्वतः उचलून दगडी ओट्यावर ठेवलं. त्यांच्याखेरीज मला हात लावायची मुभा दोघातिघांनाच. माझी झाडपूस सोपानराव करत. ते जवळच्याच गावातले, प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांचा हात इतका हलका की उंटाच्या केसांचा ब्रश फिरला तरी मला कळत नसे.

माझ्या कामाची फार तारीफ व्हायची. माझ्या वजनावर औषधं पास व्हायची किंवा परत जायची. मलाही जरा चढलीच होती म्हणा ना. वाटायचं, साहेब असो की हमाल, माझ्यापुढे सगळे सारखेच.

मग १९७४ सालचा दसरा आला आणि माझी ही समजूत पार मोडली.

आमच्याकडे खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते. लेथला हार, बॉयलरला नारळ. त्या वर्षी अण्णासाहेबांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी माझी पेटी उघडली, ओलं कुंकू माझ्या डाव्या पारड्यावर टेकवलं आणि वर अक्षता वाहिल्या. तीन दाणे कुंकवात चिकटले. मी हादरलो. एम.एस्सी. झालेला माणूस, आणि रासायनिक तराजूच्या पारड्यात तांदूळ? पण पूजा झाली, पेढे वाटले गेले, दसऱ्याची सुट्टी लागली, आणि पारडं तसंच राहिलं.

सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी प्रयोगशाळेत मदतनिसाच्या एका जागेसाठी परीक्षा होती. कामगारांच्या मुलांसाठी राखलेली ती एकच जागा. उमेदवार दोन. एक फिटर अर्जुनरावांचा मुलगा जयसिंग, दुसरी पॅकिंग खात्यातल्या भीमराजची मुलगी कस्तुरा. भीमराज बौद्ध वस्तीत राहणारा. इंटर सायन्सपर्यंत त्याने मुलीला कसंबसं शिकवलं होतं. आता ही नोकरी लागली तर पुढचं शिक्षण, नाहीतर साताऱ्याकडच्या स्थळाला होकार, असं घरात ठरून गेलं होतं. सकाळी तोच दाराशी उभा राहून सोपानरावांना हे सांगत होता, म्हणून मला कळलं.

आधी तोंडी प्रश्न झाले. अण्णासाहेबांनी विचारलं, "एका पदार्थात कार्बन एक, हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक, असं प्रमाण निघालं. पदार्थ कोणता?"

जयसिंग पटकन म्हणाला, "ग्लुकोज."

कस्तुरा म्हणाली, "एवढ्यावर सांगता येणार नाही, साहेब."

"का बरं?"

"हे साधं सूत्र झालं. समजा खात्यात एका मुकादमामागे दोन हेल्पर आणि एक फिटर आहे. पण खात्यात एकूण माणसं किती, ते यावरून कळत नाही. कँटीनमध्ये ताटं किती लागली ते सांगा, मग आकडा सांगते. इथे ताटांच्या जागी रेणुभार. या एका टोळीचा भार तीस. रेणुभार एकशे ऐंशी असेल तर सहा टोळ्या, म्हणजे ग्लुकोज असू शकेल. साठ असेल तर दोन टोळ्या, व्हिनेगरमधलं आम्ल. आणि नुसता तीसच असेल तर एकच टोळी, म्हणजे बेडूक जपून ठेवतात त्या फॉर्मॅलिनमधला वायू."

अण्णासाहेब हसले. मला मात्र घाम फुटायचा बाकी होता. आजाऱ्याला सलाईनमधून देतात ते, आणि मेलेल्या बेडकाला घालतात ते, दोन्हींचं प्रमाण एकच! इतकी वर्षं तोलत होतो, पण असा विचार माझ्या दांडीत कधी शिरला नव्हता.

मग प्रयोग सुरू झाला. मॅग्नेशियमची फीत मुशीत घालून तापवायची, ती हवेतला ऑक्सिजन घेते, वजन वाढतं. वाढलं तेवढा ऑक्सिजन. दोन्ही वजनांना आपापल्या अणुभाराने भागायचं, आलेल्या आकड्यांतल्या लहानाने पुन्हा भागायचं, की साधं सूत्र हाती येतं. काम सोपं, पण वजन चोख हवं.

कस्तुराने वजन करण्याआधी माझा काटा शून्यावर येतो का ते पाहिलं. आला नाही. तिने वाकून पाहिलं, तिला कुंकू दिसलं. तिचा हात ब्रशकडे गेला. मी म्हटलं, पूस बाई, पूस एकदाचं. पण तिची बोटं ब्रशापाशी थांबली. तिने खोलीभर नजर टाकली, अण्णासाहेबांच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. मला काहीच कळेना. मग तिने विचार केला असावा, की कुंकू दर वेळी तेवढंच राहणार, वजाबाकीत ते आपोआप जाईल. आणि तसं ते गेलंही असतं.

रिकामी मूस तोलली, मग फितीसकट तोलली. फीत भरली चोवीस सेंटिग्रॅम. जयसिंगनेही तसंच केलं, त्याची फीतही तेवढीच भरली, पण काटा आधी शून्यावर येतो का ते त्याने बघितलंही नाही. दोघांच्या मुशी बर्नरवर चढल्या. तेवढ्यात सोपानराव सवयीने फिरत आले, त्यांना पारडं घाण दिसलं. त्यांनी बोटाच्या नखाने अलगद सगळं खरवडून घेतलं, वरून ब्रश मारला आणि निघून गेले. मी आतल्या आत ओरडत होतो. पण माझं कोण ऐकणार?

मुशी गार झाल्या. कस्तुराने तिसरं वजन घेतलं. वाढ सोळा सेंटिग्रॅम यायला हवी होती, आली आठच. गणित करून पाहते तर मॅग्नेशियम दोन, ऑक्सिजन एक. Mg₂O. असला पदार्थ कुणी पाहिलेला नाही. तिचा चेहरा उतरला. तिने पुन्हा तोललं. पुन्हा तेच.

जयसिंगचीही वाढ आठच होती. मीच दाखवली ना त्याला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर सोळा लिहिलं. मला असा धक्का आयुष्यात बसला नव्हता. माझ्या तोंडावर, माझ्याच नावाने खोटं!

अण्णासाहेबांनी कागद पाहिले. जयसिंगच्या कागदावर बरोबरची खूण केली. कस्तुराच्या कागदापाशी त्यांची भुवई चढली.

"अगं, एवढी हुशार तू, आणि हे काय लिहिलंस? उत्तर तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं."

"मला जे दिसलं ते लिहिलं, साहेब. पण पहिल्या दोन वजनांच्या वेळी पारड्यात कुंकू होतं. आता नाही."

सोपानराव पुढे आले. "व्हय सायेब, म्या पुसलं. पूजेचं हाय म्हून कचऱ्यात न्हाई टाकलं. तुळशीत घालावं म्हटलं." त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली.

अण्णासाहेबांनी पुडीतलं सगळं माझ्या पारड्यात ओतलं. तीन दाणे आणि कुंकवाची भुकटी. वजन आठ सेंटिग्रॅमच्या किंचित आत. उरलेलं सोपानरावांच्या नखात होतं.

 अण्णासाहेब जयसिंगकडे वळले. "पारडं दोघांनाही एकच होतं. तुझं बरोबर कसं आलं?"

जयसिंग खाली बघत म्हणाला, "साहेब, उत्तर माहीत होतं."

मग ते कस्तुराला म्हणाले, जरा रागानेच, "कुंकू आधी दिसलं होतं ना तुला? मग तेव्हाच पुसलं का नाहीस? ब्रश तर शेजारीच होता."

कस्तुराने पदर सारखा केला. हळूच म्हणाली, "साहेब, तुमच्या पूजेचं कुंकू मी पुसलं असतं, तर चाललं असतं?"

  सोपानराव खिडकीकडे बघायला लागले. आणि मी? केसाचं वजन करणारा मी, हे ओझं माझ्यासमोर बारा वर्षं होतं आणि माझा काटा एकदाही हलला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

नोकरी कस्तुराला मिळाली. नेमणुकीच्या कागदावर अण्णासाहेबांनी तिथेच सही केली, आणि ब्रश तिच्या हातात दिला. पुढे ती बी.एस्सी. झाली, माझ्यापाशी बसून किती जणांना तिने वजन करायला शिकवलं.

आता नवे तराजू आलेत. बटण दाबलं की आकडा दिसतो. कंपनीने मला ताथवड्याच्या शाळेला देऊन टाकलं. इथे माझ्या पेटीची एक काच फुटली आहे, वजनं हाताने उचलतात, माझी दांडी जिच्यावर डोलते ती धार बोथट झाली आहे. खंडेनवमीला तेवढा हार मिळतो.

मित्रांनो, हार खुशाल घाला, पण तो पेटीवर. पारडं मोकळं ठेवा, वजनं चिमट्याने उचला, आणि मी दाखवीन तेच लिहा, उत्तर माहीत असलं तरी. एक ब्रश माझ्याशेजारी कायम ठेवा. वर्गातल्या एखाद्या मुलीचा हात तो उचलताना थबकला, तर तिला काही विचारू नका. स्वतःकडे बघा.