वाडवडिलांशेजारची जागा

सरांचं व्याख्यान म्हटलं की प्रार्थनामंदिराचं सभागृह भरायचं. बायबलातलं एखादं वाक्य उचलायचं आणि उत्खननात सापडलेल्या चार वस्तूंची चित्रं पडद्यावर दाखवून त्यांच्याकडून ते वदवून घ्यायचं, ही त्यांची हातोटी. त्या दिवशीचा विषय होता: राजा मेला की शास्त्र 'तो वाडवडिलांना जाऊन मिळाला' असं का म्हणतं?

"तुम्हाला वाटतं, वर भेट झाली," सर मिश्कील हसले. "भेट खालीच व्हायची. खडकात कोरलेली घराण्याची एक खोली, आत दगडी ओटे. नवं प्रेत ओट्यावर. त्याला जागा करायची म्हणून आधीच्याची हाडं गोळा करून कोपऱ्यातल्या खड्ड्यात. तिथं आजोबा, आत्या, सून सगळी एकमेकांत मिसळलेली. जाऊन मिळाला, अगदी शब्दशः! जागा नाही, असं त्या घरात कुणी कुणाला म्हणत नसे."

टाळ्या पडल्या. शेवटच्या बाकावर बसलेली सरांची थोरली बहीण मात्र हात मांडीवर ठेवून विचार करत राहिली.

ताईचं लग्न राहून गेलं. आईवडिलांची दुखणी कुणीतरी काढायला हवी होती आणि सर तेव्हा कुठल्यातरी टेकाडावर खणत होते. दोघं गेल्यावर सरांनी तिला आपल्याबरोबर उत्खननाच्या तळावर न्यायला सुरुवात केली; तिथं स्वयंपाकाला माणूस हवंच होतं. उरल्या वेळात ती मऊ ब्रशानं हाडांवरची माती काढायची. सर चारचौघांत तिचं तोंडभरून कौतुक करायचे. कौतुकाला खर्च येत नाही.

आता फार दिवस उरले नाहीत, असं डॉक्टरांनी ताईला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. व्याख्यानानंतर जेवताना तिनं विषय काढला.

"बाळ्या, मला आईबाबांच्या कबरीत ठेवशील?"

सरांचा घास हातातच राहिला. "ताई, आत्ताच कसले हे विषय?"

"मग काय, मेल्यावर येऊन विचारू?"

"वन्सं, तिथं एकच जागा उरलीय हो," सरांची बायको म्हणाली. "मग यांचं काय?"

"सोय आहे. कबरस्तानाच्या कचेरीत विचारून आले मी. जुनी हाडं पेटीत गोळा करून पायथ्याशी ठेवू देतात. कबर बाळ्याच्या नावावर आहे, त्यानं हो म्हटलं की झालं. आईला जरा सरकवायचं, मी मावते. मागून हाही मावेल."

"आईची हाडं हलवायची?" सरांचा आवाज खरोखरच कापला. "लोक काय म्हणतील?"

"दुपारी तर टाळ्या वाजवत होते."

"ते तेव्हाच्या लोकांचं होतं, ताई."

"आणि दुसऱ्यांच्या आया आपण खोक्यांतून हलवल्या त्या? मी पुसल्या, तू चिठ्ठ्या लावल्यास."

"तो अभ्यास होता," सर म्हणाले आणि हात धुवायला उठले.

ताईनं पुन्हा विचारलं नाही. सरांनी त्याचा अर्थ, तिची समजूत पटली, असा घेतला. तो सोयीचा होता.

हिवाळ्यात ती गेली. शवपेटी उत्तम लाकडाची होती, फुलं भरपूर होती, त्यात सरांनी हात आखडता घेतला नाही. जागा कबरस्तानाच्या नव्या भागात मिळाली, कुंपणाला लागून. एका बाजूला कुणी निवृत्त कॅप्टन, दुसऱ्या बाजूला अजून कुणीच नाही. सरांच्या ग्रंथाची नवी आवृत्ती तेव्हा छापायला जात होती, ती त्यांनी ताईला अर्पण केली. अर्पणपत्रिका त्यांना इतकी साधली की छापण्याआधी ती त्यांनी बऱ्याच जणांना वाचून दाखवली.

पुढच्या वर्षी त्याच सभागृहात, लोकाग्रहास्तव, तेच व्याख्यान झालं. मध्येच एक वयस्क बाई उभी राहिली.

"सर, ज्या मुलींची लग्नं होत नसत, त्यांना कुठं ठेवत?"

सर थबकले. पण अभ्यासात त्यांनी आजवर कधी खोटं सांगितलेलं नव्हतं.

"बहुधा बापाच्याच थडग्यात," ते म्हणाले. "दुसरीकडे कुठं जाणार त्या?"

"किती माया होती हो तेव्हाच्या माणसांत!" बाई गहिवरून खाली बसली.

पहिल्या रांगेत सरांची बायको पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. सर पाणी प्यायले आणि म्हणाले, "पुढचं चित्र लावा."