माठाखालचा ठोका

मित्रांनो, मला नुसते बघून तुम्ही ओळखणार नाही. कोटाच्या मोठ्या गुंडीएवढा मी, काळा, कडेला खरवडलेला. पळणारी माणसे छातीला एक पट्टा बांधतात, त्या पट्ट्यावर मला दोन टिचबटणांनी बसवतात. काळजाचे ठोके ऐकायचे आणि ते मोबाइलला कळवायचे, हे माझे काम. लोक मला सेन्सर म्हणतात. मी आता जुना झालो आहे, आणि खरे सांगायचे तर फार थकलो आहे.

माझ्या पोटात नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. माझे सगळे आयुष्य त्याच्यावर. आणि माझी जागे होण्याची रीत अगदी साधी आहे. पट्ट्याच्या आतल्या बाजूला पाणी लावून तो छातीला बांधला, की त्या ओलीतून ठोका माझ्यापर्यंत येतो आणि मी जागा होतो. ओल गेली की मी झोपतो. झोपेत सेल जवळजवळ खर्च होत नाही. म्हणूनच कारखान्यातून निघताना माझ्या डब्यावर ठळक अक्षरांत छापले होते, की सेल वर्षभर टिकेल. ते खोटे नव्हते. फक्त मला झोपू देणाऱ्या माणसांसाठी ते लिहिलेले होते, आणि अशी माणसे माझ्या वाट्याला फार आली नाहीत.

माझे पहिले मालक भूपेश साहेब, नंदुरबारला बँकेत होते. पोट कमी करायचे म्हणून त्यांनी पळायला सुरुवात केली होती. पहिला महिना माझे काय कौतुक! येईल त्या पाहुण्यापुढे मला मांडायचे, चहा थंड होईपर्यंत माझे गुण सांगायचे. पण पळून आले की घामाने चिंब झालेला पट्टा तसाच पिशवीत कोंबायचे. त्या ओलीत मी दिवसभर टक्क जागा. छाती नाही, ठोका नाही, तरी कान देऊन बसलेला. सेल संपला की साहेब म्हणायचे, "हा बॅटरी खातो." मित्रांनो, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की माझ्यावर कोरले असते तरी चालले असते. मी काही खात नव्हतो. मला उपाशी जागवत होते.

पुढे त्यांनी मनगटावरचे घड्याळ घेतले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. तिथे जुन्या किल्ल्या आणि फुटका चष्मा यांच्या सोबतीने मी मनसोक्त झोपलो. दुर्लक्ष झाले म्हणून रडावे असे मला मुळीच वाटले नाही. मग एक दिवस खण आवरताना साहेबांनी मला धीरज सरांना देऊन टाकले. धीरज सर पोलीस भरतीच्या मुलामुलींकडून सराव करून घेतात. आणि त्यांच्याकडून मी धानोऱ्याच्या चेतनाकडे आलो.

चेतनाची गोष्ट अशी. मागच्या भरतीत ती मैदानावर पळता पळता चक्कर येऊन पडली होती. तेव्हापासून तिचे वडील हेमराज धास्तावले होते. माणूस शेतातला, धिप्पाड, पण मुलीचे नाव काढले की आवाज मऊ व्हायचा. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की बसल्या जागी सगळे ठीक दिसते, पण पळताना ठोके कसे चालतात ते बघायला हवे. सरांनी लगेच मला पुढे केले. हेमराजांनी मात्र घरात सगळ्यांसमोर निकाल लावला.

"पयतांना पडी गयी तं कोन उचली तुले? डॉक्टर हो म्हनना तं पय. नही तं हाई खूळ सोड."

डॉक्टर हो म्हणाले तरच पळायचे, म्हणजे त्या मुलीचे पळणे आता माझ्यावर येऊन ठेपले होते. माझ्यासारख्या गुंडीवर!

सकाळी चेतना पट्ट्याला पाणी लावायची, बांधायची आणि गावाबाहेरच्या रस्त्याला लागायची. मागे हेमराजांची मोटारसायकल हळूहळू चालायची, कारण मोबाइल त्यांच्याकडे असायचा आणि माझा आवाज फार लांब जात नाही. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मोबाइल, डोळे रस्त्यावर कमी आणि आकड्यावर जास्त. रस्त्यालगत वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लालभडक पथाऱ्या होत्या. तिथून जाताना दोघांनाही ठसका लागायचा, आणि त्या ठसक्यानेही हेमराज घाबरायचे.

चेतनाचे काळीज मी जवळून ऐकले आहे. दमदार, एका लयीत चालणारे. ते ऐकताना मला माझा थकवा विसरायला होई. डॉक्टरांना काय दाखवायचे ते मला पहिल्याच दिवशी कळले होते, फक्त ते शेवटपर्यंत सांगायला अंगात बळ हवे होते. आणि तेच माझ्याकडे राहत नव्हते.

त्याचे कारण घरातच होते, आणि त्याचे नाव धनुबाई. चेतनाची आजी. सगळे घर तिला मोठीमाय म्हणे. गेल्या उन्हाळ्यात घरातल्या मोबाइलची बॅटरी तापून भाकरीसारखी फुगली होती, ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिच्या हिशेबी जपायची प्रत्येक वस्तू माठाजवळ जाते. डोळ्यांच्या औषधाची बाटली तिथे, लिंबे तिथे, विड्याची पाने तिथे. मग नातीसाठी आणलेले हे नाजूक यंत्र दुसरीकडे कुठे जाणार? पहिल्याच दिवशी तिने मला पट्ट्यासकट उचलले.

"उन्हामा मोबाइलबी फुगी जास. याले गार ठेवनं पडी," ती म्हणाली, आणि माठाखालच्या ओल्या रेतीवर फडके अंथरून मला त्यावर निजवले. हो, निजवले. तिचा हात फार मायेचा होता. वरून माठ झिरपत होता, खालून रेती ओली, आणि मी लख्ख जागा. मला वाटले छाती आली. मी ठोका शोधू लागलो. दिवसभर शोधला, दुसऱ्या दिवशी शोधला. पळणे संपले की माझे काम संपत नव्हते, तेव्हाच ते खरे सुरू होत होते.

सकाळ येईपर्यंत माझ्यात त्राण उरायचे नाही. पळण्याच्या सुरुवातीला मी नीट सांगायचो, मग आकडे उड्या मारायचे, मग माझा आवाज बंद. गावातल्या दुकानात मिळणारे सेलही किती दिवस उन्हात टांगलेले असायचे कोण जाणे, ते माझ्यासारखेच दमून आलेले. चेतना नवा सेल घाली, मोठीमाय मला पुन्हा माठाखाली ठेवी.

आणि मग ती सकाळ आली. चेतना छान वेगात होती. मिरच्यांच्या पथाऱ्या मागे पडल्या होत्या. माझ्या पोटातला सेल अचानक बसला. मोबाइलवर चढत चाललेली ठोक्यांची रेघ सरळ खाली कोसळली आणि जमिनीला चिकटली. हेमराजांनी ती बघितली. त्यांनी मोटारसायकल अक्षरशः टाकून दिली आणि धावत सुटले.

"थांब चेतना! थांब! तुन्हा ठोका बंद पडना!"

चेतना थांबली. धापा टाकत म्हणाली, "नाना, मी बोली ऱ्हायनू ना तुमनासंगे! बंद कसा पडी?"

तुम्हाला हसू येईल. तिलाही आले. हेमराजांना मात्र आले नाही. त्यांनी तिला रस्त्याच्या कडेला बसवले, डोक्यावर पाणी ओतले, आणि घरी आणले. डॉक्टरांनी ती मोडकीतोडकी रेघ बघून मान हलवली. यंत्राचा दोष असेल, असे ते म्हणाले. पण पूर्ण रेघ दिसल्याशिवाय हो म्हणता येणार नाही, असेही म्हणाले. हेमराजांना फक्त दुसरे वाक्य ऐकू आले. दुसऱ्या सकाळपासून त्यांनी मोटारसायकल बाहेर काढली नाही. भरतीच्या मैदानी चाचणीचा दिवस जवळ येत होता आणि चेतना ओट्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती, बांधत होती.

मित्रांनो, मला त्या दिवसांइतके वाईट कधीच वाटले नाही. दमलो होतो मी आणि आजारी ठरली होती ती. माझा थकवा तिच्या नावावर लागला होता. आणि मला बोलता येत होते ते फक्त ठोक्यांत.

पण त्या ठोक्यांतच सुटका झाली, बघा. भर दुपारची वेळ. घरात सगळे जेवून टेकले होते. चेतनाने आशेने आदल्याच दिवशी सेल बदलला होता आणि मी माठाखाली नेहमीसारखा जागा. चेतना जुन्या रेघा सरांना पाठवायच्या म्हणून मोबाइल घेऊन माठाशेजारीच बसली. तिने रेघांचे पान उघडले आणि मोबाइल वाजला. मी जोडला गेलो होतो. पडद्यावर ठोक्यांचा आकडा आला. माझ्यापाशी ओलीशिवाय काही नव्हते. त्या झिरपण्यातून जे काय चाचपडत होतो, तेच मी बिचारा ठोका म्हणून कळवत होतो.

"नाना, हाई दखा," चेतना ओरडली.

हेमराज खाटेवरून उठून आले. आकडा बघितला. "कोनी बांधेल शे तो पट्टा?"

"कोनीच नही, नाना. तो माठखाले शे."

मोठीमायने कपाळाला हात लावला. "माय वं! माठमा जीव शे का काय?"

हेमराजांनी वाकून माठाखाली बघितले. मग खाली बसले आणि हसू लागले. "माठना ठोका चालू शे, अन मन्ही पोरना बंद!" असे म्हणून हसता हसता त्यांनी गमछा डोळ्यांना लावला. इतक्या दिवसांची भीती त्या माणसाच्या अंगातून तिथे, माठापुढे, उतरली.

चेतनाच्या सगळे ध्यानात आले. रोज सकाळी पट्ट्याला पाणी तीच लावायची. तिने मला बाहेर काढले, पुसले, टिचबटणे उघडून पट्ट्यापासून वेगळे केले. मोठीमायचे तोंड मात्र उतरले होते. "मीच मारं त्याले," ती पुटपुटली.

"नही वं मोठीमाय," चेतना तिच्याजवळ सरकत म्हणाली. "तू तं जपं त्याले. पन तो वला ऱ्हायना का जागा ऱ्हास."

मोठीमाय गप्प बसणारी बाई नव्हे. ती उठली आणि घरातली सर्वांत कोरडी जागा शोधून आली. पापडांचा डबा! कागदात गुंडाळून मी उडदाच्या पापडांवर पडलो आणि कितीतरी दिवसांनी झोपलो. ती झोप काय होती, ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

हेमराज स्वतः नंदुरबारला जाऊन घड्याळाच्या दुकानातून ताजा सेल घेऊन आले. दुसऱ्या सकाळी मी त्या मुलीच्या काळजाची सगळी कहाणी सांगितली, एकही ठोका न गाळता. डॉक्टरांनी रेघ बघितली. काळीज ठणठणीत आहे, मागच्या वेळी उपाशीपोटी उन्हात ताटकळून पळालीस म्हणून पडलीस, आता खाऊन जा, असे ते म्हणाले.

मैदानाच्या दिवशी मला नेले नाही. तिथे असली यंत्रे चालत नाहीत. चेतना आणि हेमराज उजाडायच्या आत निघाले, मोबाइल त्यांच्यासोबत गेला. मी डब्यात कोरडा पडून होतो. हवी तेवढी झोप मिळत होती, आणि नेमकी त्या दिवशी ती मला नको होती.

मग डबा उघडला. मोठीमायने मला बाहेर काढले. नात करायची तसे तिने फुलपात्रातले पाणी पट्ट्याला लावले, पदराआड तो आपल्या छातीला बांधला आणि मला टिचबटणांवर बसवले. मी जागा झालो. दारात बसून ती हळूच माझ्याशी बोलू लागली.

"तठे ती पयी ऱ्हायनी. सांग माले, कशी शे मन्ही नात?"

तिला वाटले, मी चेतनाचे ठोके कुठूनही ऐकतो. मला काय सांगता येणार होते? मला ऐकू येत होते ते तिचेच काळीज. मित्रांनो, ती म्हातारी उंबऱ्यावर बसली होती आणि तिचे काळीज धावत होते. त्या रस्त्यावर चेतनाचेही इतके धावलेले मी ऐकले नव्हते. जवळ मोबाइल नव्हता, ऐकणारे कोणी नव्हते. तरी मी मोजत राहिलो.

ऊन उतरल्यावर मोटारसायकल अंगणात आली. चेतना धुळीने माखलेली होती. "मोठीमाय, पुरं पयनू मी. पडनू नही," ती म्हणाली. मोठीमायच्या छातीत एक मोठा ठोका उडाला, आणि मग ते म्हातारे काळीज हळूहळू चालीवर आले.

निवडीची यादी अजून लागायची आहे. आणि मोठीमायने पट्टा अजून काढलेला नाही, आंघोळीपुरता सोडते आणि पुन्हा बांधते. चेतना म्हणाली, "अशानं सेल संपी जाई, मोठीमाय." ती म्हणाली, "जाऊ दे."

सेल खरेच जात चालला आहे. माझा आवाज बारीक झाला आहे. म्हणून उरले आहे ते सांगून टाकतो. काम झाले की आम्हाला पुसा, पट्ट्यापासून सोडवा, कोरड्या जागी ठेवा. यंत्रालाही झोप लागते, आणि न झोपलेले यंत्र काय सांगेल याचा भरवसा नसतो. मी बंद पडलो तर आधी माझा सेल बघा, माणसाला आजारी ठरवू नका. पण घरात कोणी कोणाच्या काळजीने दारात बसले असेल, तर मला खुशाल जागे ठेवा. तेवढ्यासाठी मी कुरकुर करणार नाही.